श्रेयांक की क्रेडिट

“‘श्रेयांक’ खोडा, बाई. शासन निर्णयात ‘क्रेडिट’ आहे,” आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातल्या पाडवी भाऊसाहेबांनी फाईल परत केली.

“मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, इंग्रजी शब्द नको.”

“तेव्हा साहेब दुसरे होते.”

वळवीबाई बाकावर बसल्या. त्यांच्या आश्रमशाळेतल्या अकरावीच्या मुली दर शनिवारी कॉलेजात शिकत; तिथले श्रेयांक पुढे पदवीला धरले जाणार होते. आज मार्चअखेर. फाईलमध्ये मागितलेला निधी आज मंजूर झाला नाही, तर हा शनिवारचा वर्ग बंद.

त्यांनी सतरा ठिकाणी शब्द खोडून नवा लिहिला.

भाऊसाहेबांनी पानं चाळली. “माझी धाकटी जूनमध्ये तुमच्याकडे अकरावीला येईल. तिला बसवाल या वर्गात?”

“वर्ग राहिला, तर बसवेन.”

भाऊसाहेब उठले आणि फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.