दोनशे वर्षांपूर्वीच्या मुली

सिडनीतल्या युनिव्हर्सिटीत दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश कादंबऱ्यांवर ट्युटोरियल चालू होतं. बापाची सगळी इस्टेट पुतण्याला जाते आणि मुली ब्रसुद्धा काढत नाहीत, याचं वर्गाला हसू येत होतं.

"त्या भांडल्या का नाहीत, ऋता?" ट्युटरने विचारलं.

ऋताचं लक्ष फोनकडे होतं. बाबा गेल्यापासून तिची फी दादा भरत होता. त्याने पुण्याहून पाठवलेल्या हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, असं तिने सकाळीच त्याला कळवलं होतं.

दादाचा मेसेज आला.

"नको करूस सही, जबरदस्ती नाही. पुढची फी मात्र तुझी तू बघ. नाही जमलं तर परत ये. वहिनीने तुझ्यासाठी स्थळ बघून ठेवलंय."