बुधवारचे चार

चोर कोणाला करायचं, यावर सोमवारी सकाळी भौतिकशास्त्र विभागात अर्धा तास खल झाला.

विभागप्रमुख इंद्रजित सरांचं म्हणणं, माणूस क्वांटम गटाबाहेरचा हवा आणि पोटात गोष्ट ठेवणारा हवा. मग सगळ्यांच्या माना आपोआप पूनमसिंगकडे वळल्या. प्रयोगशाळेचा परिचर, बावीस वर्षांची नोकरी, दहाला दहा मिनिटं कमी असताना कुलूप काढणारा. वेळ पाळणं आमच्या घरातलंच आहे, असं तो सांगे. दारव्ह्याकडच्या तांड्यावरून त्याचा आजा रोज संध्याकाळी दोन कोस चालत चौकीवर हजेरीला जायचा, एक दिवस चुकला नाही म्हणे.

प्रयोग करायला अवघड, पण सांगायला सोपा होता. यवतमाळच्या विभागातून लोहाऱ्याच्या एका इमारतीपर्यंत केबल टाकली होती. तिच्यातून प्रकाशाचे कण एकेक करून पाठवायचे आणि त्यांच्यावरून गुप्त निरोपाची किल्ली बनवायची. या कणांची खोड अशी, की वाटेत कुणी डोकावलं की ते बिथरतात आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. एरवी शंभरात दोन चुका व्हायच्याच. कुणी डोकावलं तर त्या पंचविसावर जायच्या. गट यासाठी तीन वर्षं खपला होता आणि त्यातली निम्मी खटपट एकट्या सुरभीची होती.

शनिवारी तपासणी समितीच्या प्रभावती मॅडम येणार होत्या. गट यवतमाळातच राहील की यंत्रं उचलून नागपूरला जातील, हे त्यांच्या हातात होतं. त्यांची अट एकच. मंगळवार ते शुक्रवार या चार दिवसांत चोरानं एकदा डोकवायचं आणि दिवस लिहून पाकीट बंद करायचं. तो दिवस सुरभीनं शनिवारी ओळखून दाखवायचा.

सरांनी नोंदवहीत ठळक अक्षरात लिहिलं, ‘चोर: पूनमसिंग राठोड’. सगळे हसले. पूनमसिंगही हसला. मग वहीकडे जरा वेळ बघत त्यानं विचारलं, हे पेनानंच लिहावं लागते का? सर म्हणाले, बाबा, विज्ञानात पेन्सिल चालत नाही.

डोकावण्यासाठी सरांनी दिलेली काच फडक्यात गुंडाळताना तो सुरभीजवळ थांबला.

“ताई, मशीन खरं सांगन ना?”

“सांगते भाऊ. तिले खोटं बोलताच येत नाही.”

“मंग झालं.”

नेमका दिवस कळू नये म्हणून पुढचे चार दिवस रोज अकराला पूनमसिंग सायकलवर वाटेतल्या पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीकडे निघे. केबलची जोडपेटी तिथे होती. पेटीच्या खाचेत काच सरकवली की चोरी झाली, इतकं ते सोपं होतं. अर्ध्या तासानं तो परत येई, हात धुई आणि डबा उघडून सगळ्यांना ठेचा वाढी. सुरभीचा जोडीदार रजत त्याला रोज जास्तीचा चहा पाजून बोलतं करायला बघे. पूनमसिंग चहा पिई आणि सोयाबीनच्या भावावर बोले. सुरभीला या माणसाचं फार कौतुक वाटलं. असा चोर मिळायलाही नशीब लागतं.

चुकांचे आकडे मात्र काहीच्या काही येत होते. मंगळवारी दोन. बुधवारी चार. गुरुवारी दोन, शुक्रवारीही दोन.

पंचवीस कुठेच नाही.

“बुधवार सांगून टाक,” रजत म्हणाला. “काच अर्धीच बसली असन.”

“बुधवारी ऊन किती होतं? केबल तापली का चार येतेच. मागच्या मे महिन्यातही आलते.”

“पण चोरी तं झालीच ना. तसं ठरलंच आहे.”

चोरी झाली असेल तर मशीन आंधळी होती आणि सुरभीची तीन वर्षं वाया गेली होती. तिला भीती वाटत होती आणि ती तिनं लपवलीही नाही. पण तिनं सगळी गणितं पुन्हा मांडली, आणि ती पुन्हा तशीच आली.

शनिवारी प्रभावती मॅडम वेळेवर आल्या. केबल पाहिली, आलेख पाहिले, चिवडा आवडीनं खाल्ला. मग चष्मा पुसत त्यांनी दिवस विचारला.

‘बुधवार’ हा शब्द सुरभीच्या अगदी ओठांवर आला होता. रजत डोळ्यांनी तोच सुचवत होता. दाराशी पूनमसिंग चहाचा ट्रे घेऊन उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता.

“कोणत्याच दिवशी नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मशीन असंच सांगते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.”

इंद्रजित सरांनी डोळे मिटले. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, “चोर नेमलेला होता. तो रोज तिथे गेलाही. तरी चोरी झाली नाही म्हणता?”

“हो.”

मॅडमनी पाकीट मागितलं. पूनमसिंगनं ट्रे ठेवला, खिशातलं पाकीट दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं आणि फडक्यातली काच बाजूला ठेवली. मॅडमनी कागद आधी मनात वाचला. मग चष्मा काढला, पुन्हा घातला आणि मोठ्यानं वाचला.

“काच एकही दिवस लावली नाही. ताईची मशीन खरं सांगन म्हनून चुप राह्यलो. सर, माहा आजा चौकीवर नोकरीले नोहता. इंग्रजाच्या राज्यात सारा तांडाच चोर ठरवला होता. चोराच्या वहीत त्याचं नाव होतं, म्हनून जलमभर हजेरी देल्ली. तुमच्या वहीतलं माहं नाव खोडा.”