श्रद्धांजलीचा फ्लेक्स

"काकांचा फोटो लहान कर, माझा मोठा घे," बाळाभाऊ माझ्या खुर्चीमागून म्हणाले. "हात जोडलेला घे. गॉगलवाला नको, दुःखात बरा दिसत नाही."

स्क्रीनवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. गेनूकाका पंक्चरवाले कोपऱ्यात गेले, तिकिटाएवढे.

चार दिवसांपूर्वी माझ्या दुकानासमोरच जीपने त्यांना उडवलं. जीप भाऊच चालवत होते. पोलिसांना मात्र मी सांगितलं, "प्रिंट काढत होते, काही दिसलं नाही."

"खाली 'शोकाकुल' म्हणून माझं नाव टाक. दहा बाय आठचा काढ आणि आजच चौकात लाव," भाऊ जाता जाता म्हणाले.

"लावते की," मी म्हटलं.

मग गेनूकाकांना मधोमध मोठं केलं. 'शोकाकुल' पुसून 'जीप चालवणारे' लिहिलं. भाऊंचे जोडलेले हात तसेच ठेवले. आता ते शोभत होते.

दहा वर्षांत गावभरची नावं छापली, स्वतःचं कधीच नाही. आज खाली ठळक अक्षरांत टाकलं, 'साक्षीदार: सुलभा वायदंडे'. फोटोसकट टाकलं, आणि शिडी घेऊन चौकात निघाले.