डावीकडचं दूध

दैवशालाच्या जुळ्यांतला लेक गेला, पोरगी तेवढी जगली. ती उजवीकडेच प्यायची. डावीकडचं, लेकाच्या वाट्याचं दूध दैवशाला रोज वाटीत काढून शेवग्याच्या बुडाशी ओतायची, पायदळी येऊ नये म्हणून.

"आत्याबाई, ह्याला लोणी येतं का?" तिनं सासूला विचारलं.

"बाईच्या दुधाला न्हाई येत," पुष्पाबाई ताक घुसळत म्हणाल्या. "जा, जल्दी ओतून ये."

त्या दुपारी तिनं ते ओतलं नाही. बाटलीत भरून हलवत बसली, पार डोळे जड होईस्तोवर. मंग पाहिलं, तर बोराएवढं लोणी तरंगत होतं. ते वाटीत काढून ती हात धुऊन आली.

लोण्यावर इवल्या बोटांचे ठसे होते.

पोरगी पाळण्यात गाढ झोपलेली. मुठी मिटलेल्या, कोरड्या.

कुणाचं रडणं ऐकू येत नव्हतं. तरी दैवशालाला पान्हा फुटला, फक्त डावीकडे.