बारा थांबे

"अहो काका, पुन्हा थांबायचं?" संपादिकेनं करकचून ब्रेक दाबला. "आत्ताच तर थांबलो होतो!"

"पाचवा थांबा," काकांनी सायकल मोरीच्या कठड्याला टेकवली. "आधी श्वास, मग डोळे. तुम्हीच छापलंय की पुस्तकात."

छापलं होतं खरं. तळ्याकाठच्या सायकलवाटेचं काकांचं छोटेखानी पुस्तक चार आवृत्त्या खपलं होतं, आणि सायकलवाल्यांनी त्यांचं नावच थांबेकाका पाडलं होतं. पहिल्या आवृत्तीत चाळीस किलोमीटरांत तीन थांबे होते. दुसरीत पाच झाले, तिसरीत आठ, चौथीत बारा. आता पाचवी निघायची होती, तर प्रकाशक हटून बसले.

"लोकांना सुसाट जायचंय आणि हा माणूस दर वळणावर बूड टेकतो," ते म्हणाले होते. "एकदा स्वतः फिरून या. थांबे चारावर आणा, नाहीतर पाचवी आवृत्ती विसरा. संध्याकाळपर्यंत कळवा."

म्हणून ती आज आली होती, पिशवीत लाल पेन्सिल घेऊन. आठ थांब्यांवर काट मारायची, की झालं काम.

ती कठड्यावर बसली, घटाघट पाणी प्याली. ऊर धपापायचा थांबला तशी तिनं मान वर केली आणि बाटली तोंडाशीच राहिली.

समोर सात कमानींचा जुना पूल होता. खाली संथ पाण्यात त्याच सात कमानी उलट्या उतरल्या होत्या, आणि दोन्ही मिळून सात अख्खी वर्तुळं झाली होती. एक बगळा त्यातल्या एका वर्तुळातून अलगद पलीकडे गेला. ती उभी राहिली तर पाण्यातल्या कमानी झाडांआड गेल्या. पुन्हा बसली तर पुन्हा हजर!

"अगं बाई," ती पुटपुटली. "बसल्याशिवाय दिसतच नाही हे!"

काकांची मात्र तळ्याकडे पाठ होती. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाचकाला चकित झालेलं बघायची हौस असणार लेखकाला, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं.

"काका, मी घड्याळ घालत नाही हो!"

काकांनी चटकन हात सोडला. "सवय गं," ते ओशाळून म्हणाले. हयातभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तिला हसू आलं.

सातव्या थांब्यावर पडक्या पाणचक्कीच्या भिंतीला तिनं कान लावला. चाक केव्हाच मोडून गेलं होतं, पण दगडाच्या पोटात पाणी अजून घुमत होतं. नवव्या थांब्यावर, जकात नाक्याच्या फरशीत, बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खाचा होत्या. तिनं एका खाचेत हात घातला तर तो मनगटापर्यंत आत गेला. किती गाड्या, किती वर्षं! लाल पेन्सिल पिशवीतून बाहेर निघालीच नव्हती.

"हे सगळं तुम्हाला पहिल्या आवृत्तीतच कसं नाही दिसलं?"

"तेव्हा आम्ही सुसाट जायचो," काका म्हणाले. "पुढं थांबणं वाढत गेलं. तसतसं दिसतही गेलं. आता अजून एक थांबा वाढलाय. घरी गेल्यावर कागद देतो."

"तेरावा? मेले मी! साहेब मला फाडून खातील."

बारावा थांबा टेकडीच्या पायथ्याशी होता. तिथं दगडी बाक होता आणि वर, फार तर चारशे पावलांवर, टेहळणीचा बुरूज. तिथून अख्खं तळं एका नजरेत येतं म्हणे.

"काका, शेवट वर करू या ना. बुरुजावरून कसं दिसतं?"

"मला काय ठाऊक? मी कधी वर गेलो नाही."

ज्याला इथला दगड न् दगड पाठ, तो चारशे पावलं चढला नव्हता?

"पूर्वी वर जायला वाट नव्हती," काका म्हणाले. "वाट झाली तेव्हा..." ते वाकून सायकलची घंटी पुसत बसले. "तू जाऊन ये हवं तर."

ती गेली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दिवस मावळायच्या आत दोघं काकांच्या घरी पोचली. सायकली टेकवतानाच तिनं प्रकाशकांना फोन लावला. "साहेब, बाराही राहणार. काट मारायची तर आधी स्वतः येऊन बघा." पलीकडून आधी बरीच कुरकुर झाली. मग साहेब म्हणाले, "बरं, ठेवा." तिला नाचावंसं वाटलं.

काकांनी तिला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला एक बायकी सायकल टांगली होती, पुढं वेताची टोपली असलेली. तिच्या खाली पलंगावर काकू उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला प्राणवायूची नळी होती.

"किती ठेवलेस गं?" काकूंनी विचारलं.

"बाराच्या बारा, काकू! अहो, काकांची नजर म्हणजे..."

"नजर कसली डोंबलाची!" काकू खुदकन हसल्या, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

काका खिडकीकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसले. एका हातानं त्यांनी काकूंचं मनगट धरलं. ते घड्याळाकडे बघत होते, मग काकूंच्या चेहऱ्याकडे, पुन्हा घड्याळाकडे.

"आधी श्वास," ते हळूच म्हणाले.

संपादिकेनं उशाशी ठेवलेला नव्या आवृत्तीचा कागद उचलला. सुबक अक्षरात दोनच ओळी होत्या.

थांबा तेरावा : मागची खिडकी.

अंतर : पलंगापासून नऊ पावलं.