जाळरेषा

"मजूर आणलेत? त्यांना चहाला पाठवा," प्रेमलता म्हणाली. "तुमच्या भिंतीमागचं गवत तुम्ही कापायचं."

जयप्रकाशरावांनी मागं उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं. मग रांगेतल्या इतर घरांकडे. कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या त्या लहानशा वसाहतीत सकाळपासून ज्यानं त्यानं आपापल्या भिंतीमागचं वाळलेलं काशगवत कापून मोकळी पट्टी केली होती. माळावर आग लागलीच, तर ती पट्टीपाशी येऊन उपाशी मरावी म्हणून. कोकणात याला जाळरेषा म्हणतात. फक्त टोकाला, जयप्रकाशरावांच्या घरामागं, पुरुषभर उंचीचं गवत अजून उभं होतं आणि फाल्गुनातल्या वाऱ्यावर सळसळत होतं.

"वहिनी, अहो, माझं वय बघा."

"बघितलं. आमच्या ह्यांच्याहून लहानच आहात."

तिनं विळा पुढं केला. सगळ्यांत बोथट विळा तिनं सकाळीच त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. शेजारीपाजारी आपापल्या पट्टीवर उभे राहून बघत होते. जयप्रकाशरावांनी विळा घेतला.

"हातमोजे वगैरे?"

"ह्यांच्या हातात ओलं गोणपाट होतं. तेवढंच."

गेल्या वर्षापर्यंत जयप्रकाशराव वसाहतीचे सेक्रेटरी होते; यंदा ते काम प्रेमलताकडे होतं. जयप्रकाशराव बँकेच्या बदलीनं इथं आले आणि बंगाल्यांहून बंगाली झाले. दुर्गापूजेच्या दिवसांत काश पांढराशुभ्र फुलतो, लोक फोटो काढायला येतात. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. पूजा झाली, तुरे झडले, गवत वाळून खडखडीत झालं, तरी ते तसंच राहिलं. प्रेमलताचे यजमान अनिल त्यांच्या मागं लागले, तर हे सगळ्यांसमोर हसले. "अनिलराव, हे कोलकाता आहे, तुमचं संगमेश्वर नव्हे. साप साप म्हणून भुई धोपटू नका."

गेल्या वर्षी फाल्गुनात माळ पेटला. पहिली झळ याच भिंतीला लागली. अनिल एकटे ओलं गोणपाट घेऊन धावले आणि धुरात उभं राहून इथली आग झोडपत राहिले. जयप्रकाशराव वर गच्चीवर होते. मोबाइलवर चित्रण करत. वसाहतीच्या ग्रुपवर त्यांनीच ते टाकलं. त्यात त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. "अनिलराव, जरा इकडे बघा!" आणि अनिल बघतात. छातीत भरलेला तो धूर घेऊन ते इस्पितळात गेले, ते परत आले नाहीत.

वर्षभर प्रेमलतानं ही भिंत मनात पुन्हापुन्हा जाळली होती. दारं, खिडक्या, गच्ची, सगळं. हे गवत तसंच राहू द्यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण त्या भिंतीला चिकटून चक्रवर्तींचं घर होतं, आणि आगीला दारावरची पाटी वाचता येत नाही. गवत कापायलाच हवं होतं. कुणी कापायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

"मूठ खाली घ्या," ती म्हणाली. आयुष्यभर तिनं बालवाडी शिकवली होती. आवाज अगदी तोच, मऊ, न थकणारा. "अजून खाली. शाब्बास. आता ओढा. नाही जमलं? परत."

विळा घसरला. काशाच्या पात्यानं बोट चिरलं. जयप्रकाशरावांनी बोट तोंडात घातलं.

"परत," प्रेमलता म्हणाली.

"दीदी, जाऊ द्या ना," चक्रवर्तीबाई हिंदीत म्हणाल्या. "आमचे हे करतील."

"नको. शिकताहेत ते. मधे बोललं की लक्ष उडतं."

ऊन चढलं. अर्धी पट्टी झाली तेव्हा जयप्रकाशरावांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तळव्यांवर फोड आले होते. गच्चीवर त्यांची सून यामिनी आली. खाली पाहून तिला हसूच आलं. "अय्या, बाबा! विळा घेऊन! थांबा हं, ह्यांना पाठवते," असं म्हणत तिनं मोबाइल वर धरला.

"फोन खाली ठेव!"

ते इतक्या जोरात ओरडले, की चक्रवर्तीबाई दचकल्या. यामिनी गोंधळून मागं सरली. जयप्रकाशराव वाकलेलेच राहिले. मग त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी प्रेमलताच्या डोळ्यांत पाहिलं.

"वहिनी, त्या दिवशी मी... मला खरंच कळलं नाही हो, की..."

"खालून धरा," प्रेमलता म्हणाली. "वरून धरलं की पातं हात कापतं."

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तेव्हा ते पुन्हा खाली वाकले.

शेवटचा ठोंब आडवा झाला तेव्हा शेजारी जेवायला घरी गेले होते. टोकापासून टोकापर्यंत जाळरेषा मोकळी झाली होती. जयप्रकाशराव भिंतीला टेकून खाली बसले. हात मांडीवर उताणे ठेवले होते, मिटता येत नव्हते.

"झालं," ते म्हणाले. आवाज रडवेला होता. "आता तरी फिटलं ना, वहिनी?"

प्रेमलता खाली बसली. एका खुंटाभोवतीची माती तिनं बोटानं उकरली आणि आतली पांढरी, ओली मुळं त्यांना दाखवली, वर्गात मुलांना दाखवावीत तशी.

"हे बघा. जिवंत आहेत. पावसात फुटतील, पूजेला फुलतील, माघापर्यंत वाळतील."

ती उठली. पदरानं हात पुसले.

"पुढच्या फाल्गुनात भेटू, जयप्रकाशराव. तोवर तब्येतीला जपा."