कोहळ्याची शिकार

"काळा घे," यशोवर्धन म्हणाला. "कार्बनचा आहे, जर्मनीहून आणलाय मी. दोन इंची फळीतून आरपार जातो. अ‍ॅल्युमिनियम आता कोण वापरतं?"

निवेदितानं दोन्ही बाण हातात घेतले. चुलतभावाचा काळा बाण उदबत्तीसारखा बारीक आणि हलका होता. दुसरा तिचा रोजच्या सरावातला, अ‍ॅल्युमिनियमचा, जाडसर, अंगभर ओरखडे पडलेला. बंगळूरच्या बनशंकरीतल्या मैदानावर दसऱ्यासाठी सगळी भावकी जमली होती आणि पार टोकाला, मातीच्या ढिगावर, कुंकू फासलेला कोहळा त्यांची वाट बघत बसला होता.

सरकारनं जंगलातली शिकार बंद केली तेव्हापासून भावकी दसऱ्याला कोहळा मारत असे. म्हणजे मारायला येत असे. नियम मात्र जुनेच. बाण शिकारीत रुतून राहायला हवा. आरपार गेला तर शिकार पळाली. आणि शिकार ज्याची, त्याला त्याच्या आईनं सगळ्यांसमोर ओवाळायचं. आई नसेल तर बायकोनं. गेली कित्येक वर्षं भावकीतल्या शूरवीरांचे बाण त्या ढिगाची मातीच तेवढी मारत आले होते. मग थोरले फत्तेसिंगकाका पुढे होत, तलवारीचं टोक कोहळ्याला लावत, शिकार झाली म्हणून सांगत, आणि सकवारकाकू त्यांना ओवाळत. कुणाची काही तक्रार नव्हती.

यंदा निवेदितानं नाव दिलं. ती राज्याच्या संघात होती, तिला नाही कोण म्हणणार? "सरी," काकांनी कौतुकानं कानडीत होकार भरला होता, "मार की." परवानगी देऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हिची आई कावेरी विधवा आहे.

आता ते निवेदिताजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "स्वल्प, थोडं ऐक, निवी. नेम लागलाच, तर काकू ओवाळेल तुला. तीही आईसारखीच."

"आईसारखी कशाला, काका? माझी आई आहे की. ती काय, पाण्याच्या पिंपामागे उभी आहे."

"सणाचं ताट तिच्या हातात कसं द्यायचं? तुला कळत नाही?"

"कळतं. म्हणून तर मारायला आलेय."

काकांची नजर काळ्या बाणावर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "तो फॉरेनचाच मार बघू. यशोवर्धन एवढा हौसेनं घेऊन आलाय. भावकीची शोभा होईल."

निवेदिता त्यांच्याकडे बघत राहिली. आजवर काकांनी बाणात कधी लक्ष घातलं नव्हतं. फळीतून जाणारा बाण लोण्यातून सुरी जावी तसा कोहळ्यातून पलीकडे जाईल, एवढं त्यांनाही कळलं होतं. काळ्यानं नेम चुकला नसता, पण शिकार पळाली असती. टाळ्या वाजल्या असत्या आणि आई पिंपामागेच राहिली असती. अ‍ॅल्युमिनियमचा बाण जड. एवढ्या लांब जाताना खाली येतो, वाऱ्यानं हलतो. चुकायची भीती त्यातच जास्त. पण लागला, तर जाड अंगानं आत अडकून बसेल.

तिनं काळा बाण यशोवर्धनला परत दिला.

"अगं, हा जुना नाही पोचायचा तिथवर!"

"पोचेल, अण्णा. मला माहीत आहे तो."

तिनं धनुष्य उचललं. वारा पडेपर्यंत थांबली. मागून कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. राग तिनं हातापर्यंत येऊ दिला नाही. नेम कोहळ्याच्या बराच वर धरला आणि सोडला.

ओला, बोदा आवाज झाला. यशोवर्धन धावत गेला, वाकला, आणि तिथूनच ओरडला, "आहे! आतच आहे! रुतलाय!"

टाळी एकही वाजली नाही. सगळे काकांकडे बघत होते.

"सकवार," काका म्हणाले, "ताट आण."

काकू निरांजन लावलेलं ताट घेऊन पुढे आल्या. निवेदिता तोवर ढिगापर्यंत पोचली होती. तिनं बाणासकट कोहळा उचलून खांद्यावर घेतला. पाणी गळून तिची बाही भिजली. काकूंच्या समोरून ती सरळ पुढे गेली आणि पिंपापाशी थांबली.

"आई, शिकार आणलीय."

कावेरीनं मान खाली घातली. निवेदिताला सगळ्यांत धास्ती होती ती याचीच. बाण लागला होता, पण हिनं पायच उचलला नाही तर? नवरा गेल्यापासून ही बाई प्रत्येक सणाला असंच कशाच्या तरी मागे उभी राहत आली होती, आणि निवेदिताला त्याचा काकांपेक्षाही जास्त राग येत असे.

"कावेरी, तू तिथंच थांब," काका म्हणाले.

कावेरीनं ओले हात पदराला पुसले. पिंपाला वळसा घालून ती बाहेर आली, मुलीजवळ थांबली नाही, दिरांकडे बघितलंही नाही. मैदान ओलांडून ती थेट मोठ्या जावेपुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"अक्का, द्या ते ताट," ती म्हणाली. "इतकी वर्षं एकट्या तुम्हीच ओवाळताय. हात भरून आले असतील."